एआयचं लेबल कोण लावतं आणि पोस्ट काढतं कोण?

एप्रिल २०२४ मध्ये मेटाच्या ओव्हरसाइट बोर्डाने दोन प्रकरणं एकत्र हाती घेतली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामने कुठली पोस्ट ठेवली, कुठली काढली यावर अपील ऐकणारं हे मंडळ. पैसा मेटाचा, निर्णय मंडळाचे, अशी त्याची रचना. दोन्ही प्रकरणांत एआयने बनवलेला एका प्रसिद्ध स्त्रीचा नग्न फोटो होता. एक स्त्री अमेरिकेतली, दुसरी भारतातली. नावं मंडळाने जाहीर केली नाहीत.

अमेरिकेतल्या स्त्रीचा फोटो फेसबुकवर पडला आणि यंत्रणेने तो आपोआप काढला. तोच फोटो आधी एकदा काढला गेला होता आणि त्याची नोंद मेटाच्या ‘बँके’त होती. काढलेल्या चित्रांचे डिजिटल ठसे या बँकेत ठेवलेले असतात. नवं चित्र आलं की ठसा ताडून पाहायचा, जुळला की चित्र बाद.

भारतातल्या स्त्रीचा फोटो इन्स्टाग्रामवर होता, तोही भारतीय स्त्रियांची एआय-चित्रं टाकण्यासाठीच उघडलेल्या खात्यावर. कुणीतरी रिपोर्ट केलं. अठ्ठेचाळीस तासांत ते कुणी पाहिलंच नाही, म्हणून तक्रार आपोआप बंद झाली. त्या व्यक्तीने अपील केलं, तेही आपोआप बंद झालं. मग तिने थेट बोर्डाकडे धाव घेतली, तेव्हा कुठे मेटाला चूक उमगली आणि पोस्ट निघाली.

बोर्डाने पुढे विचारलं, की हा फोटो बँकेत का नव्हता? मेटाचं उत्तर असं, की अमेरिकेतल्या चित्राबद्दल बातम्या आल्या होत्या, म्हणून ते बँकेत टाकलं. भारतातल्या चित्राबद्दल तसा गाजावाजा झाला नव्हता. जुलै २०२४ च्या निकालात बोर्डाने यावर बोट ठेवलं, की अशा चित्रांना बळी पडणाऱ्या बहुतेक बायका प्रसिद्ध नसतात आणि त्यांची बातमी कुणी छापत नाही.

एआयवर सोशल मीडियाचं नियंत्रण कसं चालतं हे समजून घ्यायला मला हे प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. एआय विरुद्ध एआय अशी काहीतरी हुशार लढाई आत चालू असेल, असं आपल्याला वाटत असतं. थोडीफार आहेही. पण बहुतेक वेळा प्लॅटफॉर्म कुणीतरी सांगण्याची वाट पाहत असतो. पोस्ट टाकणारा सांगेल, फाइल सांगेल, तक्रारदार सांगेल, नाहीतर वर्तमानपत्र सांगेल. कुणीच सांगितलं नाही, तर नियम कितीही कडक असले तरी ते कागदावर राहतात.

सांगणारे किती खरे

पहिला सांगणारा म्हणजे पोस्ट टाकणारा स्वतः. यूट्यूबवर मार्च २०२४ पासून व्हिडिओ चढवताना विचारलं जातं, की यात खरी वाटेल अशी पण बदललेली किंवा कृत्रिम दृश्यं आहेत का? खऱ्या माणसाच्या तोंडी त्याने न बोललेले शब्द घातले, खऱ्या इमारतीला आग लागलेली दाखवली, तर ‘हो’ म्हणायचं. कार्टून, चेहरा उजळणारे फिल्टर, रंगसुधारणा, एआयकडून लिहून घेतलेली स्क्रिप्ट यांना ते लागू नाही. ‘हो’ म्हटलं की व्हिडिओच्या वर्णनात लेबल येतं; आरोग्य, बातम्या, निवडणूक, पैसा असे विषय असतील तर व्हिडिओवरच ठळक दिसतं. कुणी सांगितलं नाही तर यूट्यूब स्वतःही लेबल लावू शकतं.

यातली मेख उघड आहे. फसवायला निघालेला माणूस ‘हो’वर टिचकी मारणार नाही. ही पद्धत सरळ माणसांसाठी आहे, आणि तिथे ती बरी चालते. एखाद्या इतिहासाच्या चॅनलवर रायगडाचा दरबार एआयने उभा केला असेल, तर तो चॅनलवाला लेबल लावून मोकळा होतो. त्याला लपवायचं काहीच नसतं.

दुसरी सांगणारी म्हणजे फाइल. हा भाग जरा निवांत पाहू, कारण सगळ्या मोठ्या कंपन्यांची भिस्त इथे आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल, आर्म आणि ट्रुपिक यांनी मिळून सीटूपीए नावाचा गट काढला. कल्पना अशी: कुठलाही फोटो किंवा व्हिडिओ तयार होतो तेव्हा तो कशाने बनला, कधी बनला, नंतर कशाने बदलला ही माहिती फाइलमध्येच भरायची आणि तिच्यावर डिजिटल सही करायची, म्हणजे मध्ये कुणी ढवळाढवळ केली तर कळेल. दुकानातल्या वस्तूबरोबर पक्की पावती यावी तसं. चित्र बनवणाऱ्या एआय साधनाने ‘हे मी बनवलं’ असं फाइलमध्ये लिहून ठेवलं, की इन्स्टाग्राम किंवा टिकटॉक ते वाचून आपोआप लेबल लावू शकतं. टिकटॉकने मे २०२४ मध्ये हे सुरू केलं.

पण पावती वस्तूला शिवलेली नसते. स्क्रीनशॉट काढला की ती गेली. व्हिडिओ मेसेजिंग अ‍ॅपमधून पाठवला आणि वाटेत त्याचा आकार कमी झाला, की बऱ्याचदा गेली. आणि ज्या साधनाने मुळात ती दिलीच नाही, जसं घरच्या संगणकावर चालवता येणारं मुक्त मॉडेल, त्याचं काय करणार?

म्हणून दुसरा उपाय निघाला, अदृश्य वॉटरमार्क. गुगल डीपमाइंडचं सिंथआयडी २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं. यात खूण चित्राच्या पिक्सेलमध्येच मुरवलेली असते. डोळ्याला दिसत नाही, पण यंत्राला वाचता येते, आणि थोडं कातरलं किंवा दाबून लहान केलं तरी ती टिकावी अशी रचना आहे. मात्र ही खूण मुख्यतः गुगलच्या साधनांची. दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलने बनवलेल्या चित्रात ती सहसा नसणार, आणि नाही म्हणून ते चित्र खरं ठरत नाही. हे लोक सर्रास विसरतात. तपासणीच्या साधनाने ‘काही सापडलं नाही’ म्हटलं की ‘व्हिडिओ खरा निघाला’ असं लिहून मोकळे होतात.

हे सगळं प्रत्यक्षात किती चालतं? ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एक साधी परीक्षा घेतली. ओपनएआयच्या सोरा या व्हिडिओ बनवणाऱ्या एआय साधनाने तयार केलेला, आत सीटूपीएची माहिती असलेला एक व्हिडिओ आठ प्लॅटफॉर्मवर चढवला. तो खरा नाही हे पाहणाऱ्याला सांगणारं फक्त यूट्यूब निघालं, आणि तेही वर्णन उघडलं तर दिसेल अशा जागी. म्हणजे फाइलने सांगितलं, पण ऐकणाऱ्यांनीच कान दिला नाही. यातल्या काही कंपन्या तर ही पद्धत बनवणाऱ्या गटाच्या सदस्य आहेत. मला यात तांत्रिक अडचणीपेक्षा अनास्थाच जास्त दिसते. लेबल लावलं म्हणून कुणाचा धंदा वाढत नाही.

लेबलचा गोंधळ

लेबल लावायला गेलं की उलटी अडचणही येते, आणि ती मेटाला भोवली.

त्याआधीची थोडी पार्श्वभूमी. २०२० च्या जानेवारीत मेटाने, तेव्हाच्या फेसबुकने, डीपफेकचा, म्हणजे खऱ्या वाटणाऱ्या बनावट व्हिडिओंचा, नियम केला. त्यात दोन अटी होत्या: व्हिडिओ एआयने बदललेला हवा, आणि त्यात माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द घातलेले हवेत. मे २०२३ मध्ये जो बायडन यांची एक क्लिप आली. नातीच्या कपड्यावर ‘मी मतदान केलं’चा स्टिकर लावतानाचं खरं दृश्य होतं, ते कापून, पुन्हापुन्हा फिरवून असं जोडलं होतं की भलताच अर्थ निघावा. यात एआय नव्हतं, साधी कात्री होती. आणि बायडन काही बोलतही नव्हते. नियमात बसत नाही म्हणून मेटाने ती ठेवली. ओव्हरसाइट बोर्डाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, की नियमानुसार हे बरोबर आहे, पण नियमच विसंगत आहे. व्हिडिओ कसा बनला याकडे सगळं लक्ष आहे, त्याने काय नुकसान होईल याकडे नाही.

यावर मेटाने दिशा बदलली. काढण्यापेक्षा लेबल लावू, असं ठरलं आणि मे २०२४ पासून ‘एआयने बनवलेलं’ अशा अर्थाचं लेबल लागायला लागलं. काही आठवड्यांतच व्यावसायिक फोटोग्राफर चिडले. स्वतः काढलेल्या खऱ्या फोटोंवर ते लेबल चिकटत होतं. फोटोशॉपमध्ये एखादा डाग एआयच्या साधनाने पुसला असेल, तर फाइलमध्ये त्याची नोंद व्हायची. मेटाची यंत्रणा ती नोंद वाचायची आणि अख्खा फोटोच एआयचा ठरायचा. व्हाइट हाउसचे माजी छायाचित्रकार पीट सूझा यांनीही तक्रार केली. जुलैमध्ये मेटाने लेबलचे शब्द बदलून ‘एआय माहिती’ असे मोघम केले. सप्टेंबरमध्ये, नुसते एआयने सुधारलेले फोटो असतील तर ते लेबल मेन्यूच्या आत ढकललं.

आता गंमत पाहा. डाग पुसणाऱ्या प्रामाणिक फोटोग्राफरला लेबल लागलं, कारण त्याने माहिती पुसली नाही. स्क्रीनशॉट काढून टाकणारा भामटा सुटला. अजूनही बऱ्याच अंशी हे असंच आहे.

काढण्याचा प्रश्न वेगळा

लेबल आणि पोस्ट काढणं या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र बोलतो. प्लॅटफॉर्मवर ती दोन वेगळी टेबलं आहेत. लेबलवाल्या टेबलावर प्रश्न असतो, ‘हे कशाने बनलं?’ काढण्याच्या टेबलावर प्रश्न असतो, ‘हे नियम मोडतं का?’ आणि तिथे एआय आहे की नाही याने सहसा फरक पडत नाही. धमकी हातांनी लिहिली काय नि एआयने लिहिली काय, धमकीच. संमतीविना पसरवलेलं नग्न चित्र एआयचं असलं तरी निघालं पाहिजे, आणि त्यावर ‘एआय’ असं लेबल लावून ते ठेवणं हा काही न्याय नव्हे. सुरुवातीच्या प्रकरणात बोर्डाने हेच म्हटलं. मेटाच्या नियमातला ‘फोटोशॉप’ हा शब्द जुना झालाय, तंत्र कुठलं यापेक्षा संमती होती का ते विचारा, असा सल्ला दिला.

यूट्यूबचा रस्ता थोडा वेगळा आहे. आपला चेहरा किंवा आवाज वापरून कुणी एआयचा व्हिडिओ केला, तर गोपनीयतेच्या नियमाखाली तो काढायची विनंती करता येते. विनंती ज्याचा चेहरा त्यानेच करायची, काही अपवाद वगळता. मग यूट्यूब पाहतं: माणूस ओळखू येतो का, हे विडंबन आहे का, यात लोकांच्या हिताचं काही आहे का. ऑक्टोबर २०२५ पासून यूट्यूबवर कमाई करणाऱ्यांसाठी चेहरा शोधून देणारी सोयही येऊ लागली आहे. त्यासाठी सरकारी ओळखपत्र आणि स्वतःच्या चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ गुगलला द्यावा लागतो. चेहऱ्याची चोरी पकडायला आधी चेहरा कंपनीच्या हवाली करायचा, हे मला जरा विचित्रच वाटतं. पण ताडून पाहायला नमुना लागणार, हेही खरं.

ज्यांना वकील परवडतो ते कोर्टात जातात. आशा भोसले यांच्या आवाजाची एआय नक्कल करून देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस अंतरिम आदेश दिला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना असाच दिलासा याच न्यायालयाने दिला होता. आदेश हातात असला की प्लॅटफॉर्म भराभर हलतात. पण गावातल्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलीचा आवाज कुणी उचलला तर?

पैसा जिथे येतो

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एक व्हिडिओ फिरत होता. त्यात ते एका गेमिंग अ‍ॅपची भलामण करत होते. आवाज त्यांचाच वाटत होता, ओठही हलत होते. तेंडुलकरांनी स्वतः एक्सवर सांगितलं, की हे खोटं आहे, दिसेल तिथे रिपोर्ट करा. मुंबईत सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तीन महिन्यांनी राष्ट्रीय शेअर बाजाराला, म्हणजे एनएसईला, इशारा द्यावा लागला, की आमचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर सुचवताना दिसतायत ते व्हिडिओ बनावट आहेत.

असा माल अनेकदा जाहिरात म्हणूनही येतो. साधी पोस्ट कुणीही टाकतो, प्लॅटफॉर्म नंतर पाहतो. जाहिरातीचं तसं नाही. तिचे पैसे प्लॅटफॉर्म घेतो आणि ती चालवण्याआधी तपासतो, निदान तसा दावा तरी करतो. म्हणून ‘इतक्या कोटी पोस्ट कुठे पाहणार?’ ही सबब जाहिरातीला लागू होत नाही. राजकीय जाहिरातींसाठी गुगलने २०२३ च्या अखेरीपासून आणि मेटाने २०२४ च्या सुरुवातीपासून एआय वापरल्याची कबुली सक्तीची केली. कबुली पुन्हा जाहिरातदारानेच द्यायची.

पैशाची दुसरी बाजू म्हणजे कमाई. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने ‘पुनरावृत्तीचा मजकूर’ या नियमाला ‘अस्सल नसलेला मजकूर’ असं नवं नाव दिलं. साच्यातून काढल्यासारखे, घाऊक व्हिडिओ पाडणाऱ्यांना जाहिरातीतला वाटा मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. एआय वापरायला बंदी नाही. माझ्या मते लेबलपेक्षा हा लगाम जास्त घट्ट बसतो, कारण एआयचा कचरा ओतणाऱ्या बहुतेकांना ना राजकारण करायचंय ना बदनामी. त्यांना पैसे हवेत.

दिल्लीतून आलेले तीन तास

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ७९ प्लॅटफॉर्मना संरक्षण देतं. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार धरलं जात नाही, पण ठरवून दिलेली काळजी घेतली तरच. ती काळजी २०२१ च्या नियमांत लिहिली आहे, आणि एआयसाठी त्यांत १० फेब्रुवारी २०२६ रोजी दुरुस्ती झाली. २० फेब्रुवारीपासून ती लागू आहे.

खरी वाटावी अशी कृत्रिम दृश्यं आणि आवाज यांवर स्पष्ट लेबल हवं. फाइलमध्ये कायमची ओळखखूण हवी आणि ती काढून टाकायला प्लॅटफॉर्मने वाव देऊ नये. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मनी पोस्ट टाकणाऱ्याकडून घोषणा घ्यायची आणि ती खरी आहे का हे तांत्रिक मार्गाने तपासायचं. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलने चित्राची किमान १० टक्के जागा व्यापावी असं होतं. ते अंतिम नियमांत गळालं, आणि बरं झालं. रंगसुधारणा, आवाजातली खरखर काढणं, भाषांतर अशा रोजच्या कामांना सूट आहे, म्हणजे मेटाच्या फोटोग्राफरांचा गोंधळ इथे टाळायचा प्रयत्न दिसतो.

सगळ्यात मोठा बदल वेळेचा. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला की पूर्वी ३६ तास मिळत, आता ३ तास. नग्न चित्र किंवा चेहरा चोरून केलेली तोतयेगिरी यांची तक्रार पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केली, तर पूर्वीच्या २४ तासांऐवजी २ तासांत कारवाई हवी. अमेरिकेच्या मे २०२५ च्या कायद्यात अशा चित्रांसाठी ४८ तास आहेत.

दोन तासांबद्दल माझं काही म्हणणं नाही. जिचं चित्र फिरतंय त्या बाईसाठी तेही जास्तच. तीन तासांबद्दल मात्र धाकधूक वाटते. तीन तासांत वकील विचार करत नाही, बटण दाबतो. सरकारी आदेश एखाद्या विडंबनावर आला, तर कंपनी संरक्षण पणाला लावून भांडत बसेल का? आधी काढेल, मग पाहू म्हणेल. राजकीय व्यंगचित्राची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि आज व्यंगचित्रं एआयनेही काढली जातात.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय?

जवळजवळ काहीच नाही. संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तो कुलूपबंद असतो. कंपनी आत पाहू शकत नाही, आणि ते तसंच असावं. पण त्यामुळे वर सांगितलेली घोषणा, तपासणी, लेबल हे सगळं इथे दारातच थांबतं. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ एवढी खूण तेवढी दिसते. आवाजाच्या क्लिप इथे जास्त घातक. चित्रात बोटं मोजता येतात, सावली पाहता येते. चाळीस सेकंदांच्या खरखरत्या फोनसंभाषणात काय मोजणार? विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, १९ नोव्हेंबर २०२४ ला, बिटकॉइन प्रकरणातल्या म्हणून काही क्लिप समाजमाध्यमांवर आल्या. त्यांतला आवाज आपला नाही, असं सुप्रिया सुळे यांनी सांगितलं. तथ्य तपासणाऱ्यांनाही त्यांत एआयच्या खुणा आढळल्या. पण तोवर मतदान केंद्रं उघडत होती.

मार्च २०२४ मध्ये संशयित डीपफेक तपासून देणारी एक व्हॉट्सअ‍ॅप सेवा भारतात सुरू झाली, मिसइन्फर्मेशन कॉम्बॅट अलायन्सची. सुरुवातीच्या भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू. मराठी नव्हती.

आपल्यावर वेळ आली तर

आधी पुरावा ठेवा: लिंक, खात्याचं नाव, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट. रिपोर्ट करताना ‘अश्लील’ एवढंच निवडू नका. ‘संमतीविना’ किंवा ‘तोतयेगिरी’ असा पर्याय शोधा, कारण तक्रार कुठल्या रांगेत जाते ते त्यावर ठरतं. पीडित व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं तर दोन तासांचं घड्याळ चालू होतं. त्याचं नाव-पत्ता साइटवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. गुन्हा म्हणून नोंद करायची असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर फोन.

नग्न चित्रांसाठी स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा आहे, २०२१ च्या डिसेंबरपासून. तिथे फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट वगैरे सहभागी कंपन्यांकडे जातो. सुरुवातीच्या प्रकरणातल्या बँकेसारखीच ही व्यवस्था, फक्त नोंद करायला बातमी छापून यावी लागत नाही. मात्र चित्रातली व्यक्ती चित्राच्या वेळी आणि आताही १८ वर्षांवरची हवी. त्याहून लहान मुलांसाठी अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची वेगळी सेवा आहे, ती भारतातूनही वापरता येते, आणि तिथे नाव द्यावं लागत नाही.